विहारातलं कालयंत्र

आश्विन पौर्णिमेनंतरच्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात त्या कादंबरीचं वाचन सुरू झालं. हजर होते मंडळाचे अध्यक्ष गायकवाड काका, शाळेतून निवृत्त झालेले सोनवणे गुरुजी, कारखान्यात फिटर असलेले जाधव आणि भिंतीला पाठ लावून बसलेले त्यांचे सोबती. उजवीकडच्या सतरंजीवर माझी आई, तारामावशी आणि गल्लीतल्या बाकी बायका. पुढे चौरंगापाशी मी. तेव्हा मी बारावीला होतो. हॉल भरलेला होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे तो तसा राहिला नाही.

पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई. वाचणाऱ्यासाठी नियम होते. अध्याय सुरू केला की मध्ये उठायचं नाही, एक अक्षर गाळायचं नाही, स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. वाचन झालं की गायकवाड काका विचारत, "कुणाला शंका?" आणि लोक खरोखर शंका विचारत. दिवसभर यंत्रावर उभी राहिलेली माणसं पाय मोकळे करत, डोकं खाजवत विचारत. गुरुजी उत्तर देत. मग सगळे मिळून 'सब्ब मंगलं' म्हणत आणि घरी जात. त्या वर्षी नेहमीच्या वाचकाची बदली झाली आणि आवाज खणखणीत म्हणून मला बसवलं. पौर्णिमेला ग्रंथ संपला, खीर वाटली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता निम्मी वसाहत सवयीनं विहाराच्या पायऱ्यांवर येऊन बसली. करायचं काय ते कुणालाच कळेना. गायकवाड काका म्हणाले, "कपाटात पुस्तकं हायेत की. एखादं काढा. आठवड्यातून तीन दिवस वाचू."

कपाटातली बाकीची पुस्तकं सगळ्यांनी ऐकलेली होती. न उघडलेलं एकच होतं. तंत्रनिकेतनात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या वैद्य सरांनी ते लिहिलं होतं, स्वतःच छापलं होतं, आणि खपलं नाही म्हणून शहरातल्या प्रत्येक वाचनालयाला एकेक प्रत भेट दिली होती. मी ते उन्हाळ्यात घरी नेऊन वाचलं होतं. एक शास्त्रज्ञ असतो. त्याची बायको अचानक मरते. तिच्या शेवटच्या दुपारी परत जाता यावं म्हणून तो कालयंत्र बांधतो. गोष्ट एवढीच. पण जवळपास प्रत्येक पानावर एक सूत्र होतं आणि शेवटी परिशिष्टं होती. मला ते पुस्तक इतकं आवडलं होतं की ते कुणाला तरी सांगावं म्हणून मी तळमळत होतो, आणि सांगायला कुणी नव्हतं.

आम्ही येवल्याकडच्या खेड्यातून आदल्या वर्षीच सातपूरला आलो होतो. वडील दुसऱ्या पाळीला. मी कॉलेजातून यायचो तेव्हा ते गेलेले असत, आणि रात्री येत तेव्हा मी झोपलेला. सकाळी मला दिसायची ती त्यांची भिंतीकडे वळलेली पाठ आणि उशापाशी पालथा घातलेला डबा. घर दीड खोलीचं. स्टोव्हचा भुर्रर्र आवाज, शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या, कारखान्याचा भोंगा, आणि मग बराच वेळ काही नाही. आई बाजरीची भाकरी आणि मटकीची पातळ आमटी करायची, थंडीत तव्यावर मिरच्या परतून ठेचा. मी एकटा जेवायचो, कारण आई वडिलांसाठी थांबायची. वर्गात माझ्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं. मी कुणाशी भांडलो नव्हतो, कुणाला नको होतो असंही नाही. माझी आठवणच कुणाला होत नव्हती. दिवसभरात माझा आवाज कुणी ऐकत असेल तर तो विहारात, सात ते आठ.

म्हणून मी ते पुस्तक पुढे केलं. आणि ग्रंथाचा नियम तोच पुस्तकाचा नियम, असं सगळ्यांनी धरलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण चौरंगावर ठेवून वाचायचं म्हणजे एक अक्षर गाळायचं नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं होतं. त्यामुळे मी सूत्रंही वाचली. पहिल्याच संध्याकाळी मी भरल्या हॉलसमोर वाचलं, "वर्गमुळात, एक वजा, छेदस्थानी सी वर्ग, अंशस्थानी व्ही वर्ग, वर्गमूळ पूर्ण." अगरबत्तीचा धूर सरळ वर जात होता. कुणी हललं नाही.

"शंका?" गायकवाड काकांनी विचारलं.

जाधव म्हणाले, "मूळव्याध ऐकली होती. वर्गमूळ पहिल्यांदाच."

हशा झाला. मग कुणीतरी विचारलं की एवढ्या मोठ्या यंत्राची लाइट मध्येच गेली तर माणूस कुठे अडकणार. मी म्हटलं, परिशिष्ट दोनमध्ये त्याचं उत्तर आहे. जाधव म्हणाले, "मग परिशिष्टाला हाक मारा, आम्ही निघतो." सोनवणे गुरुजींची शंका जास्त गंभीर होती. ते म्हणाले, "कारणाशिवाय कार्य नाही. मग कार्य कारणाच्या आधी कसं जाऊन उभं राहील? हे आपल्या तत्त्वाच्या विरुद्ध आहे. विहारात वाचावं का, हाच प्रश्न आहे." त्यावर गायकवाड काका म्हणाले, "गुरुजी, तो अजून निघालेला नाय. निघू द्या, पोचू द्या, मग बघू विरुद्ध का काय." कादंबरीनंतर 'सब्ब मंगलं' म्हणायचं की नाही, यावरही थोडी चर्चा झाली. शेवटी म्हणालो. म्हटल्याशिवाय उठायचं कसं, ते कुणाला माहीत नव्हतं.

माझी मुलगी आता अशाच गोष्टी मोबाइलवर वाचते, आणि खाली लोकांनी लिहिलेली मतंही मला वाचून दाखवते. विज्ञान जास्त झालं. सूत्रं आली की पानं उलटली. कल्पना चांगली, पण झोप आली. गणित चुकलंय, तारे दोन. बायकोचं पुढे काय झालं तेवढं कुणी सांगा. ती हसते. मला त्यातला प्रत्येक माणूस ओळखीचा वाटतो. फरक इतकाच की आमच्याकडे पान उलटायची सोय नव्हती. त्यासाठी उठून, चपला शोधून, सगळ्यांच्या देखत बाहेर जावं लागे.

आणि लोक गेले. पहिल्यांदा तरुण पोरं गेली, मग जाधव आणि भिंतीकडचे सगळे. दिवाळीनंतर थंडी वाढली तशा बायका गेल्या. गुरुजी तत्त्वासाठी थांबले होते, पण खोकल्यानं त्यांना घरी बसवलं. गायकवाड काका किल्ली घेऊन येत, कुलूप उघडून देत आणि "बसा तुम्ही, मी आलोच" म्हणून जात. मार्गशीर्षात हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो. चौरंगापाशी मी आणि सतरंजीच्या कडेला, डोक्यावरून शाल घेतलेली तारामावशी.

तारामावशी आमच्या मागच्या गल्लीत एकटी राहायची. द्राक्षांच्या दिवसांत पिंपळगाव बसवंतला पॅकहाऊसवर जायची, मणी छाटायला आणि पेट्या भरायला. बाकीचे महिने मिळेल ते काम. तिची गोष्ट वसाहतीत सगळ्यांना माहीत होती, तीच सांगायची. नवऱ्याला डब्यात सारखी मेथीची भाजी जायची. एक दिवस तो कुरकुरला. ती म्हणाली, "उद्यापासनं तुमचं तुम्ही करा." तो डबा न घेताच सायकलवरून पाळीला गेला. हायवेवर ट्रकनं उडवलं. डबा घरात फळीवर तसाच.

शास्त्रज्ञ आपल्या बायकोच्या शेवटच्या दुपारबद्दल पहिल्यांदा बोलतो, तो अध्याय ज्या दिवशी वाचला, त्या दिवशी तारामावशीनं पहिल्यांदा शंका विचारली. तेव्हा हॉलमध्ये अजून दहाबारा लोक होते.

"त्यो गेला मागं, तर तिचं मरण टळंल का?"

मी म्हटलं, "तो म्हणतो की टळणार नाही. त्याला फक्त तिथं असायचंय."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. "मला बी माणूस परत मागायचा नाय. जो येतो तो जातो, ते मला कळतं. मला फक्त डबा त्याच्या हातात द्यायचाय. भुकेला गेला बघ."

कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक वाचनानंतर, गायकवाड काका असोत वा नसोत, ती एकच शंका विचारायची. "पोचला का रं त्यो?"

"अजून नाही, मावशी."

"बरं. परवा बघू."

मला शेवट माहीत होता. तो पोचत नाही. यंत्राचा नियमच तसा होता, आणि मला पुस्तकातलं सगळ्यात जास्त आवडलेलं तेच होतं. ते यंत्र म्हणजे काळात खणलेला एक बोगदा होता. ज्या दिवशी ते चालू झालं, त्या दिवसाच्या मागे त्यातून जाता येत नाही. तारामावशीला मी ते कसाऱ्याच्या घाटावरून समजावलं होतं. बोगदा खणायच्या आधीची आगगाडी त्या बोगद्यातून जाऊ शकत नाही. तिला ते लगेच पटलं. पण शास्त्रज्ञ अर्ध्या पुस्तकभर या नियमातून वाट काढत होता, आणि वैद्य सरांनी असं रंगवलं होतं की ती वाट सापडेल असं वाटावं. उन्हाळ्यात शेवटचं पान वाचून मी टाळी वाजवली होती, इतकं ते गणितात चोख बसलं होतं. आता तेच पान जवळ येत होतं, आणि कॉलेजात तास चालू असताना मला ते दिसायचं.

मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"दोन वाक्यं बदल की," ती म्हणाली. "पोचला म्हण. तुझं काय जातंय?"

"एक अक्षर बदलायचं नाही असा नियम आहे."

"त्यो धम्माच्या ग्रंथाचा. ह्या मास्तराच्या पुस्तकाला कसला आलाय नियम?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "दुसऱ्या कुणी वाचलंय का ते पुस्तक?"

"नाही."

"मग? कुणाला कळणार हाय?"

मी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं की बदलायचं. वाक्यं मनात जुळवलीसुद्धा. 'दार उघडलं. स्वयंपाकघरातून तिच्या बांगड्यांचा आवाज आला.' एवढंच. पुढचं सूत्र त्याच्याशी विसंगत होतं, पण सूत्राकडे लक्ष कुणाचं होतं? सायकलवरून कॉलेजात जाताना मी ती वाक्यं पुटपुटायचो, वैद्य सरांच्या भाषेत बसतील अशी.

शेवटच्या अध्यायाला दोन वाचनं राहिली असताना गायकवाड काका कुलूप उघडून नेहमीसारखे गेले नाहीत. म्हणाले, "अनिल, पौष पौर्णिमेला समारोप करू. खीर करू. वसाहतीत सांगितलंय. आणि हो, लेखक येणार हायेत. मी स्वतः गंगापूर रोडला जाऊन आमंत्रण देऊन आलो. शेवटचा अध्याय त्यांच्यासमोर वाच. म्हातारा लय खूश झाला."

खीर म्हटल्यावर सगळे आले. जाधव आले, भिंतीकडची रांग पुन्हा भरली, गुरुजी मफलर गुंडाळून आले, पोरं दारात उभी राहिली. वैद्य सर उंच, किडकिडीत, स्वेटरवर कोट घातलेले. हॉल पाहून ते उंबऱ्यातच थबकले. त्यांना वाटलं, ही सगळी माणसं तीन महिने आपलं पुस्तक ऐकत आली आहेत. गायकवाड काकांनी ते वाटणं दुरुस्त केलं नाही, आणि मीही नाही. सुरुवातीला दोन शब्द बोलताना सर म्हणाले, "पुस्तक आल्यापासून मला तीन पत्रं आली. एकात एका सूत्रातली छपाईची चूक दाखवली होती. दुसऱ्यात दुसऱ्या सूत्रातली. तिसरं छापखान्याचं बिल होतं." लोक मनापासून हसले. सरांनी रुमालानं चष्मा पुसला.

मी वाचायला बसलो. मनातली दोन वाक्यं आता निरुपयोगी होती. ज्यानं लिहिलं तोच समोर, मांडीवर हात ठेवून, पहिल्या रांगेत बसला होता. मी जसं होतं तसं वाचलं. दार उघडलं, प्रयोगशाळा होती, यंत्र चालू केल्याची तीच सकाळ होती, खिडकीत त्यानंच आदल्या दिवशी ठेवलेला चहाचा कप होता. त्याच्या मागे काही नव्हतं. मग सूत्र. तेही वाचलं. तारामावशीकडे मी पाहिलं नाही.

"कुणाला शंका?" गायकवाड काका म्हणाले. "नाहीतर अभिप्राय द्या. सर आलेत."

जाधव उठले. "सर, फारच ज्ञानवर्धक. गणित तर जबरदस्त." एक जण म्हणाला, "मुलांना उपयोगी आहे." आणखी एक म्हणाला की दुसरा भाग काढावा. वैद्य सर प्रत्येकाला हात जोडत होते. मग शाल सावरत तारामावशी उठली.

"सर, मी एक दिवस चुकवलेला नाय. तुम्ही त्याला पोचू का दिलं नाय?"

सर एकदम ताठ बसले. "फार चांगला प्रश्न. त्याचं असं आहे बाई, की बोगद्याचं एक तोंड..."

"ते ह्या पोरानं सांगितलं. खणायच्या आधी जाता येत नाय. पण खणणारे तुम्हीच ना? बायको मरायच्या आधीच खणायला लावायचं त्याला."

हॉलमध्ये खुसखुस झाली. सर हळू म्हणाले, "पण ती गेली म्हणून तर त्यानं यंत्र बांधायला घेतलं. ती असती तर त्याला कशाला सुचलं असतं?"

"कारण आणि कार्य!" गुरुजी मागून खोकत म्हणाले. "हेच मी पहिल्या दिवशी सांगत होतो."

"म्हणजे माणूस गेल्याशिवाय यंत्र होत नाय," तारामावशी म्हणाली, "आणि यंत्र झालं तरी माणसापर्यंत जात नाय. मग त्याचा उपयोग काय?"

"माझी बायकोसुद्धा हेच विचारते," सर म्हणाले, आणि सगळा हॉल हसला. तारामावशी हसली नाही.

"हाय का तुमची बाई?"

"आहे की. घरी आहे."

"जेवायची थांबली असंल?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "थांबते ती. नको म्हटलं तरी थांबते."

"मग हितं जेवू नका. घरी जावा."

इतकंच बोलून ती बसली. हसू विरलं. गायकवाड काका काहीतरी सावरून घ्यायला उठत होते, पण वैद्य सरच आधी उठले. त्यांनी खिरीची वाटी हातात घेतली, मान राखायला एक घास खाल्ला आणि कोटाची बटणं लावत निघाले. दारापाशी माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, वाचनाबद्दल काही म्हणतील. ते म्हणाले, "या बाईंचं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हटलं आणि गेले. त्यांचं पुढे काही पुस्तक आलं नाही. आलं असेल तर आमच्या कपाटापर्यंत पोचलं नाही.

भांडी विसळून होईपर्यंत मी थांबलो. सतरंज्यांची घडी घातली, चौरंग भिंतीला लावला. बाहेर आलो तर तारामावशी फाटकाशी उभी होती. थंडीनं तिनं शाल नाकापर्यंत ओढली होती.

"मावशी, मी बदलणार होतो," मी म्हटलं. "शेवट. पण सर आले."

"बरं झालं नाय बदललास. मला कळलं असतं."

"कसं?"

"तुझा आवाज पडला होता ना. आधी कसा ठणठणीत वाचायचास, त्या वर्गमुळाला सुदिक. मार्गशीर्ष लागला आन् तोंडातल्या तोंडात वाचाया लागला. मी तवाच म्हटलं, हे काय पोचत नाय."

एवढे दिवस मी जे जपून नेत होतो ते तिला आधीच माहीत होतं. आणि तरी दर वेळी तिनं विचारलं होतं, पोचला का रं त्यो, आणि मी म्हटलं होतं, अजून नाही.

"मग तू येत का राहिलीस?"

"मी नसते आले तर तू कुणाला वाचलं असतंस? सतरंजीला?"

ती हसली. मग म्हणाली की उद्यापासून द्राक्षं सुरू, टेम्पो पहाटे पाचला चौकात येतो, परत यायला आठ वाजतात. झोपायला हवं. ती तिच्या गल्लीत वळली. विहाराच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात होती. ती द्यायला मी गायकवाड काकांच्या घराकडे निघालो.